फळीवरची चूक आणि चिठ्ठीवरची चूक



मी कृषी खात्याचा माणूस. माझ्या तोंडून तुम्ही पीक, पाणी, खत आणि कीड यांच्याच गोष्टी ऐकायच्या, असा रिवाज पडून गेला आहे. आज तो जरा मोडतो. आज तुमच्याशी इंग्रजी स्पेलिंगबद्दल बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, "साहेब, आमच्या शेतीचा आणि स्पेलिंगचा काय संबंध?" संबंध आहे. तो कळायला मला स्वतःला चांगला चटका बसावा लागला. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी थोडे हसून घेऊ.

गेली तीस वर्षे मी सोलापूर जिल्ह्यात फिरतो आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माढा, मोहोळ, अक्कलकोट. मोटारसायकलच्या चाकाखालून सगळे तालुके गेले. एवढे फिरल्यावर माणसाला काही ना काही खोड लागतेच. कुणाला तंबाखूची लागते, कुणाला चहाची. मला पाट्या वाचायची लागली. रस्त्याच्या कडेला पाटी दिसली, की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

पुण्याच्या रस्त्यावर एका धाब्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिले होते, 'चाईल्ड वॉटर'. मालकाला म्हणायचे होते 'चिल्ड', म्हणजे थंडगार. झाले 'चाईल्ड', म्हणजे लहान मूल. उन्हातान्हाचा प्रवासी पाणी मागायला गेला, तर त्याला बालकांचे पाणी मिळणार!

कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे तर साहित्यच असते. एका ट्रॉलीवर 'पॉवर ब्रेक' असे इंग्रजीत रंगवले होते. आता गाडी थांबवायच्या ब्रेकचे स्पेलिंग बी-आर-ए-के-ई. रंगाऱ्याने घातले बी-आर-ई-ए-के. उच्चार तोच, पण अर्थ 'मोडणे'. म्हणजे मागच्या गाडीवाल्याला त्या ट्रॉलीने आधीच कबुली दिली होती, की आमचे मोडलेले आहे, तुम्ही सांभाळून या. वीस टन ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या मागे राहणाऱ्याने तो सल्ला मानलेलाच बरा.

एका गावात दूध संकलन केंद्रावर 'मिल्क डायरी' अशी पाटी होती. डेअरी लिहिताना ए आणि आय या दोन अक्षरांनी आपापसात जागा बदलली, की डेअरीची डायरी होते, म्हणजे रोजनिशी. मी आत जाऊन सचिवांना ते दाखवले. त्यांनी शांतपणे टेबलावरच्या वह्यांच्या ढिगाकडे बोट केले. रोजचे लिटर, रोजची फॅट, सभासदागणिक एक वही. म्हणाले, "साहेब, इथं दूध एक तासभर असतं आणि डायऱ्या वर्षभर. पाटी बरोबरच हाय की!" मी गप्प बसलो.

आमच्या खात्यातही असले मोती सांडतातच. माझ्या एका सहकाऱ्याने मासिक अहवालात लिहायचे होते, की गव्हाच्या प्रात्यक्षिकात २,४-डी हे तणनाशक फवारले आणि तण पूर्ण नष्ट झाले. तणाला इंग्रजीत 'वीड' म्हणतात आणि गव्हाला 'व्हीट'. घाईत वीडच्या जागी व्हीट पडले. अहवाल वर गेला आणि उलट टपाली विचारणा आली, की शेतकऱ्याचा संपूर्ण गहू नष्ट केल्याबद्दल खुलासा करावा. बिचारा दोन दिवस जेवला नाही.

आता मला खरे सांगा, यात सगळा दोष लिहिणाऱ्याचा का? मला नाही वाटत. निम्मा दोष त्या इंग्रजीचा आहे. आपले देवनागरी अक्षर सरळ असते. 'क' लिहिला की 'क'च म्हणायचा. इंग्रजीत तसे नाही. सुरीला ते 'नाईफ' म्हणतात, पण लिहिताना आधी के घालतात. एके काळी तो के उच्चारला जात असे. पुढे बोलण्यातून तो गळाला आणि लिहिण्यात तेवढा राहिला. आपल्याकडे वाड्याचे मालक शहरात गेले, तरी दारावरची पाटी राहते ना, तसेच.

कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात. स्पेलिंग आहे डी-ई-बी-टी. मधला बी लिहायचा, पण उच्चारायचा नाही. मी शाळेतल्या मुलांना सांगतो, "बाळांनो, कर्जात बी पेरलेले दिसते, पण उगवत नाही, एवढे लक्षात ठेवा म्हणजे स्पेलिंग चुकणार नाही." मागच्या बाकावर बसलेली वडीलधारी मंडळी यावर मुलांपेक्षा जास्त हसतात. त्यांना अर्थ दोन्हीकडून कळतो. तसेच पावतीचे. पावतीला 'रिसीट' म्हणतात आणि तिच्यात एक पी मुका असतो. मी म्हणतो, बरोबरच आहे. पावतीचे काम मुळी तोंडी नसतेच, लेखीच असते.

आणि कधीकधी आपण ज्याला चूक म्हणतो ती चूक नसतेच. एक तरुण बागायतदार गंधकाच्या दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आला. द्राक्षावरच्या भुरीसाठी आणलेल्या होत्या. म्हणाला, "साहेब, यातली एक नक्की बनावट. एकीवर सल्फर पी-एच घालून लिहिलंय, दुसरीवर नुसता एफ." हुशार मुलगा. पण दोन्ही पिशव्या अस्सल होत्या. इंग्लंडातले लोक गंधकाचे स्पेलिंग पी-एचने करतात, अमेरिकेतले एफने. १९९० साली रसायनशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने एफचे स्पेलिंग स्वीकारले. तेव्हापासून दोन्ही चालतात. भुरीला त्याचे काही सोयरसुतक नाही. ती दोन्ही गंधकांनी मरते.

डाळिंबाची गंमत तर याहून मोठी. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. २००५ सालापासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे. पण डाळिंबाचे इंग्रजी नाव काही केल्या आपल्या हाताला सरळ येत नाही. 'पोमेग्रॅनेट'. खोक्यांवर, फलकांवर मी त्याची किती रूपे पाहिली असतील! एका खोक्यावर शेवटी टी-च्या जागी डी पडला होता आणि आतलाही एक स्वर बदलला होता. झाले 'ग्रेनेड', म्हणजे हातगोळा, बाँब. मी त्या शेतकऱ्याला म्हटले, "पाव्हणं, हा माल विमानतळावर धाडू नका, पोलीस धरतील." सगळे हसले. घरी येऊन मी जाड शब्दकोश उघडला आणि माझेच हसू ओसरले. फ्रेंच भाषेत डाळिंबाला 'ग्रेनाद'च म्हणतात. हातगोळ्याला ते नाव डाळिंबावरूनच पडले. आकार तसाच गोल, आणि फुटला की दाण्यांसारखे तुकडे उडतात. म्हणजे त्या शेतकऱ्याने चुकून का होईना, शब्दाच्या मुळाला हात घातला होता आणि मी शहाणा फांदीवर बसून हसत होतो.

मराठीतही आपण काही फार सोवळे नाही. १ जुलैला वसंतराव नाईकांच्या जयंतीला आपण कृषी दिन साजरा करतो. एका गावी कापडी फलकावर 'दि' दीर्घ पडली होती आणि 'कृषी दीन' झाले होते. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, लाचार. भाषणे सुरू असताना शेजारचे एक म्हातारे माझ्या कानात म्हणाले, "साहेब, वर्षातला एक दिवस ऱ्हस्व, बाकीचे दीर्घच असत्यात." यावर हसावे की रडावे?

आणि आपल्या गावांच्या नावांचे इंग्रजांनी काय केले ते तर पाहा. सोलापूर हे आपले गाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या काळी त्याला सोन्नलगी म्हणत. नावात कुठेही 'श' नाही. पण इंग्रजांनी ते लिहिले 'शोलापूर', एस-पुढे एच घालून. १८८४ च्या त्यांच्या गॅझेटियरमध्ये तसेच आहे. १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या गिरणीच्या इंग्रजी नावातही तसेच. उलट बार्शीत 'श' आहे, तिथे मात्र एच घातलाच नाही. १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीला जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली, तिचे इंग्रजी नाव 'बार्सी लाईट रेल्वे'. म्हणजे साहेबाने बार्शीचा हक्काचा एच काढून सोलापूरला दिला! जिल्ह्याचे गाव म्हणून असेल कदाचित. तालुक्यावर असा अन्याय होतच असतो. पण साहेबाने चूक केली तर तिचा शिक्का होतो, सरकारी दप्तरात बसतो आणि शंभर वर्षे चालतो. शेतकऱ्याने केली तर तिचा विनोद होतो. हा फरक मी बरीच वर्षे पाहिला, पण मला तो समजला नव्हता. तो मला एका बाईने समजावला.

आता ती गोष्ट सांगतो.

१९९८ सालची. मी नोकरीत नवा होतो. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी होती आणि तिचा दर्पही ताजा होता. पंढरपूर तालुक्यात एका गावी द्राक्षबागेत शिवारफेरी होती. पन्नास-साठ शेतकरी जमले होते. बागेच्या तोंडाशी एक लाकडी फळी तारेने बांधली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिले होते, 'ग्राईप्स गार्डन'. द्राक्षाला इंग्रजीत 'ग्रेप्स'. ए-च्या जागी आय पडला होता. आणि ग्राईप म्हणजे पोटातली कळ. तान्ह्या मुलाला पोट दुखले की आपण ग्राईप वॉटर देतो, तेच ते ग्राईप.

मला राहवले नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "या बागेत द्राक्ष पिकते का पोटदुखी?" अर्थ फोडून सांगितला. खूप हशा पिकला. बागेचे मालकही हसले, पण कसेनुसे. त्यांची कारभारीण चहाचे ताट घेऊन उभी होती. ती हसली नाही. चहा देऊन आत निघून गेली. मला वाटले, आपले भाषण रंगले.

त्यानंतर काही दिवसांनी फळछाटणी झाली. नवी फूट कोवळी असतानाच आभाळ आले, पाऊस झाला. तुमच्यापैकी द्राक्षवाल्यांना हे दिवस माहीत आहेत. केवडा म्हणजे डाऊनी कधी पानावर येईल सांगता येत नाही आणि आला की घड हातचे जातात. ते गृहस्थ सायंकाळी मला बाजारात भेटले. मी घाईत होतो. खिशातला कागद काढला आणि गाडीच्या टाकीवर ठेवून इंग्रजीत चिठ्ठी खरडली. औषध होते मेटालॅक्झिल, केवड्यावरचे. मी एम-ई-टी एवढी तीन अक्षरे नीट काढली असतील. पुढे नागमोडी रेघ ओढली. डॉक्टर लोक ओढतात तशी. खरे सांगतो, तशी रेघ ओढण्यातही मला एक ऐट वाटायची.

दुकानात मोठी गर्दी. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, एम-ई-टी. तो ऊसपट्ट्यातला दुकानदार. त्याच्याकडे त्या तीन अक्षरांनी सुरू होणारे रोज खपणारे औषध एकच होते, मेट्रिब्युझिन. ते उसातले तणनाशक. त्याने ते दिले. त्याला मी बोल लावणार नाही. माझी रेघ ब्रह्मदेवालाही वाचता आली नसती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंप तयार झाला. पाण्याची टाकी भरली. औषध ओतण्याआधी त्या वहिनींनी खोक्यातला घडी घातलेला कागद बाहेर काढला. सातवीपर्यंत शिकलेल्या. कोणतीही नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचा कागद वाचल्याशिवाय ती वापरायची नाही, ही त्यांची सवय. त्यांनी दिव्याजवळ जाऊन वाचले आणि नवऱ्याचा हात धरला. "अहो, हे तणनाशक हाय. उसातल्या तणासाठी लिवलंय."

"साहेबांनी लिहून दिलंय. तुझं सातवीचं इंग्रजी ठेव बाजूला," ते म्हणाले.

"इंग्रजी कुठं? हे मराठीत छापलंय," वहिनी म्हणाल्या.

ते औषध कोवळ्या फुटीवर पडले असते, तर काय झाले असते ते तुम्हाला सांगायला नको. दीड एकराची बाग. लोखंडी अँगल आणि तारेसाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. तो हंगाम गेला असता, पुढचाही धोक्यात आला असता.

सकाळी सात वाजता ते गृहस्थ चिठ्ठी आणि खोके घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी चिठ्ठी हातात घेतली. मलाच ती वाचता येईना. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तसाच त्यांच्याबरोबर निघालो, दुकान उघडायला लावले, औषध बदलून घेतले आणि बागेत गेलो. स्वतः उभे राहून फवारणी करवून घेतली. मग ओट्यावर बसून वहिनींना म्हणालो, "वहिनी, माझी चूक झाली. मोठी चूक झाली."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "साहेब, ती बागंवरची फळी मीच रंगवली हुती. पोराच्या ग्राईप वॉटरच्या बाटलीवर बघून लिवली. बोलायला तसंच वाटलं म्हणून. चुकलं माझं. पण त्या चुकीनं येलाचं एक पान वाळलं नसतं."

एवढेच. आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणी आले नाही. चहा मात्र दिला. मंडळी, पदवीच्या परीक्षेत मला चांगले गुण होते. पण त्या ओट्यावर मी नापास झालो. ज्या बाईच्या एका अक्षरावर मी पन्नास माणसे हसवली, तिनेच माझ्या एका रेघेपासून स्वतःची बाग वाचवली. तिची चूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून हसण्यासारखी होती. माझी चूक ऐटीखाली झाकलेली होती, म्हणून जास्त घातकी होती.

परत येताना मला शनिवारवाडा आठवला. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा मजकूर होता, त्यातल्या 'ध'चा कुणी 'मा' केला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचा खून झाला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी की खोटी हा इतिहासकारांचा प्रश्न. पण 'ध चा मा' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत अडीचशे वर्षे टिकला तो उगीच नाही. अक्षराने माणूस मरू शकतो, पीक मरू शकते, हे आपल्या लोकांना फार पूर्वी कळले होते. मला ते १९९८ साली कळले.

त्या दिवसापासून मी दोन नेम धरले. एक, शेतकऱ्याला चिठ्ठी द्यायची ती मराठीत, सुट्या अक्षरांत, औषध कशासाठी आहे तेही लिहून. आणि दुसरा, चिठ्ठी दिल्यावर ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. यात वेळ जातो, पण बाग जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. आता सगळे संगणकावर आले, आता कुठे रेघोट्या? बंधूंनो, रेघ गेली, पण अक्षराचे संकट गेले नाही. ते औषधाच्या खोक्यातून निघून तुमच्या नावात शिरले आहे.

आपला सातबारा मराठीत. बँकेचे पासबुक इंग्रजीत. आधार कार्डावर दोन्ही. मराठी नाव इंग्रजीत कसे लिहायचे याचा एकच असा धारा नाही. साधे ज्ञानेश्वर हे नाव घ्या. माऊलींचे नाव, प्रत्येक गावात दहा-वीस तरी सापडतील. आपण मराठी माणसे 'ज्ञ' हा 'द्न्य' असा म्हणतो, म्हणून डी-एन-वाय लिहितो. हिंदी मुलखातला कारकून 'ग्य' म्हणतो, तो जी-वाय लिहितो. संस्कृताचा अभिमानी जे-एन लिहितो. तिघेही आपापल्या जागी बरोबर. पण यंत्राला माऊली कळत नाहीत, त्याला अक्षरेच कळतात.

या नावाचे एक शेतकरी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला सहा हजार रुपये मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. यांचे हप्ते अडले होते. कागद मांडले, तर एका जागी डी-एन-वाय, दुसऱ्या जागी जी-वाय आणि तिसऱ्या जागी वडिलांचे नावच गाळलेले. ते हसत म्हणाले, "साहेब, सातबाऱ्यावर मी हाय, बँकेत माझा भाऊ हाय, अन् आधारवर कुणी पाव्हणा हाय. हप्ता नेमका कुणाला द्यायचा, सरकारला तरी कसं कळावं?" हसत होते, पण तीन हप्ते अडकले होते आणि दुरुस्तीसाठी त्यांनी तालुक्याला किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. एका अक्षराची किंमत काढायची तर अशी काढावी लागते.

विठ्ठल नावात टी एक की दोन, लक्ष्मणात एक्स की के-एस-एच, दत्तात्रयाच्या शेवटी ए आहे की नाही, हे प्रश्न आता पंडितांचे राहिले नाहीत, तुमचे-आमचे झाले आहेत. म्हणून घरातल्या शिकल्यासवरलेल्या मुलाला किंवा मुलीला एक रविवार बसवा. घरातल्या प्रत्येक माणसाचे आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर योजनेची तारीख येण्याआधीच दुरुस्त करून घ्या. आणि कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे ते घरात एकदा ठरवा, कारण आधारवरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलून मिळते. नवीन बाळाच्या जन्मदाखल्यावर पहिल्यांदाच नीट लिहून घ्या. बारशाला नाव ठेवता, तसे त्याच दिवशी स्पेलिंगही ठेवा.

औषधाच्या बाबतीतही तेच. एखाद्या खपणाऱ्या औषधाच्या नावात एखादे अक्षर फिरवून, डबा हुबेहूब तसाच करून हलका माल विकणारे लोक असतात. तेव्हा नाव अक्षरशः वाचा. पण नुसत्या स्पेलिंगवर विसंबू नका. गंधकाची गोष्ट वर सांगितलीच. डब्यावर घटकाचे नाव आणि प्रमाण, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख पाहा. दुकानदाराकडून पक्की पावती घ्या आणि तिच्यावर बॅच क्रमांक आहे का ते बघा. डब्यावरच्या चौकटीतला खालचा त्रिकोण तर इंग्रजी न येणाऱ्यालाही वाचता येतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. कमी, पण बिनविषारी नव्हे. आणि आतला घडी केलेला कागद फेकू नका. त्यात मराठी मजकूर शोधा आणि मोठ्याने वाचा. एक बाग त्यानेच वाचली आहे.

आकड्यातला टिंबही डोळ्यांत तेल घालून बघा. अर्धा मिलिलिटर लिहिताना शून्यापुढचा टिंब पुसला, तर अर्ध्याचे पाच होतात, म्हणजे दहा पट. शंका आली तर विचारा. विचारणाऱ्याची एकदा फजिती होते, न विचारणाऱ्याचा हंगाम जातो.

आता पाट्यांचे काय? त्यांना हसायचे की नाही? जरूर हसा. 'चाईल्ड वॉटर'ला हसू येणारच, आणि हसू आवरून कुणाचे भले झालेले नाही. पण हसताना पाटीला हसा, रंगवणाऱ्याला नको. परक्या भाषेतली अक्षरे बाळाच्या बाटलीवरून गोळा करून कुणी आपल्या बागेला नाव देत असेल, तर त्या हातामागे हौस असते, अभिमान असतो. स्पेलिंग दुरुस्त करायला एक ब्रश पुरतो. मोडलेली हौस दुरुस्त करायला कुठलेच दुकान नाही. सांगायचेच असेल तर बाजूला घेऊन सांगा. मी चारचौघांत सांगितले, त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्या बागेत मी पुढे बऱ्याच वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा फळी बदललेली होती. नव्या फळीवर ठसठशीत मराठीत 'द्राक्षबाग' लिहिले होते आणि खाली इंग्रजीतही, या वेळी अगदी अचूक. वहिनींनी विचारले, "साहेब, बघा बरं, आता काही चुकलंय का?" मी चष्मा पुसून तीन वेळा वाचले आणि म्हणालो, "वहिनी, यात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय." त्या वेळी मात्र त्या हसल्या.

असो. लेख लांबला. या लेखातही कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, एखादी मात्रा निसटली असेल, तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर एक कार्ड टाकून कळवा. चूक दाखवणारा माणूस सोयऱ्यासारखा असतो, हे मी एका ओट्यावर शिकलो आहे.

तुमचाच,
तुमच्या जिल्ह्यातला एक कृषी अधिकारी